पेरूजाचं प्रमाणपत्र आणि पित्ताशयाचे खडे

सहा आठवडे परदेशात राहून भाषा शिकून येणाऱ्या माणसाच्या डोक्यात, विमान उतरायच्या आधीच एक छोटंसं भाषण तयार झालेलं असतं. कोणी "कसं काय होतं तिकडे?" असं विचारलं की आधी नुसते खांदे उडवायचे, "काही विशेष नाही हो, आपल्यासारखीच माणसं" असं म्हणायचं, आणि समोरच्याने जरा आग्रह केला की मग अर्धा तास थांबायचं नाही. वजीहचं भाषण तर इटलीतल्या पेरूजाच्या रेल्वे स्टेशनवरच पाठ झालं होतं. कैरोच्या विमानतळावर त्याने ते मनात दोनदा म्हणून पाहिलं, गावी दुम्यातला जाणाऱ्या बसमध्ये त्यात एक विनोद घातला, आणि शुक्रवारी दुपारी तेवीस किलोंची बॅग खांद्यावर घेऊन आपल्या इमारतीचा जिना चढताना तो इतका खुशीत होता की पहिल्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज येताच त्याने खांदे उडवायची तयारीसुद्धा केली.

"ठेव! ठेव ती बॅग खाली!" पहिल्या मजल्यावरची उम्म शौकी, म्हणजे शौकीची आई, किंचाळली. "टाके उसवतील, मेल्या!"

वजीहने मागे वळून पाहिलं. जिन्यात दुसरं कोणी नव्हतं.

"ख़ाला, कसले टाके?"

"बघा, भुलीचं औषध अजून उतरलेलं नाही," उम्म शौकीने वरच्या मजल्यांना उद्देशून जाहीर केलं, आणि साठीच्या त्या बाईने तेवीस किलोंची बॅग डोक्यावर घेऊन जिना चढायला सुरुवात केली. मजल्यामजल्यावर दारं उघडत गेली. कोणी देवाचे आभार मानले, कोणी डोळे पुसले. पेरूजाच्या उन्हात वजीह छान रापला होता, त्याला लोक "औषधांनी किती काळवंडलाय" म्हणाले. रोज शेवया खाऊन त्याचं वजन चार किलोंनी वाढलं होतं. "सूज आहे ती," तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त रेल्वेवाल्या लुत्फी काकांनी अधिकारवाणीने सांगितलं, "माझ्या मेव्हण्याला अशीच आली होती. वारला बिचारा."

चौथ्या मजल्यावर आईने त्याला आत ओढलं, दार लावलं, कडी घातली, त्याचे दोन्ही गाल चुंबून चुंबून ओले केले आणि मग स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात नेऊन खाली मान घालून उभी राहिली. लहानपणी काच फोडली की वजीह याच कोपऱ्यात असाच उभा राहायचा.

"तू इटलीला गेलास असं मी कोणाला सांगितलं नाही," ती म्हणाली.

"मग काय सांगितलंस?"

"कैरोच्या इस्पितळात आहेस म्हणून सांगितलं. पित्ताशयात खडे झालेत."

"आई!"

"ओरडू नकोस, भिंती पातळ आहेत. अरे, ती उम्म शौकी! एकदा नुसतं म्हणाली, काय छान गार होतं गं पाणी तुमच्या फ्रिजमध्ये. संध्याकाळी फ्रिज गेला. आणि एकुलता एक मुलगा विमानात बसून समुद्रापलीकडे जातोय हे मी तिला सांगू? तू बारावीला होतास तेव्हा मी अख्ख्या इमारतीला सांगितलं होतं की तू नापास होणार. जिल्ह्यात नववा आलास की नाही?"

"मी अभ्यास केला होता, आई."

"अभ्यास सगळेच करतात," आई म्हणाली.

वजीहचा दृष्टबिष्ट लागण्यावर विश्वास नव्हता. पण आई जे सांगत होती त्याला एक तर्कशास्त्र होतं आणि ते भयंकर होतं. पित्ताशयाच्या खड्यांना चार दिवस पुरतात, हे तिला कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या आठवड्यात लोक विचारायला लागले, अजून कसा आला नाही? सहा आठवडे भरून काढायचे म्हणजे नुसत्या खड्यांनी भागणार नव्हतं.

"मग मला एक मूत्रपिंड घालावं लागलं."

"घालावं लागलं?"

"म्हणजे काढावं लागलं. डावं." ती जरा थांबली. "की उजवं? उम्म शौकीला विचारायला पाहिजे, तिच्या लक्षात असेल."

आता इथे वजीह एवढा हवालदिल का झाला ते सांगितलं पाहिजे. गेली चार वर्षं, इटालियन भाषेची पदवी घेऊन, तो सुतारांच्या या गावात मामाच्या फर्निचरच्या दुकानात बसत होता. मामाचे सुतार इटलीच्या कॅटलॉगात बघून सोफे घडवायचे, आणि वजीह सोफ्याच्या चित्राखाली काय लिहिलंय ते वाचून दाखवायचा. चार वर्षांत त्याने इटालियनमध्ये गादी, पाठ, पाय आणि मखमल यापलीकडे काही वाचलं नव्हतं. तेवढ्यात मुलींच्या शाळेतली इटालियनची बाई नवऱ्याच्या बदलीमुळे गाव सोडून गेली. मुख्याध्यापिका दौलत मॅडमनी त्याला बोलावून सांगितलं, "नुसती पदवी घेऊन पंधरा जण दारात उभे आहेत. तू तिकडे जाऊन शिकून ये. मी ऑक्टोबरपर्यंत जागा धरून ठेवते." वजीह गेला. पेरूजाच्या वर्गात एके दिवशी बाईंनी त्याला सहज दहा मिनिटं शिकवायला सांगितलं. समोर एक कोरियन नन होती, एक ब्राझिलियन न्हावी होता आणि एक फिनलंडचे आजोबा. दहाव्या मिनिटाला आजोबांनी एक अख्खं वाक्य स्वतःचं स्वतः बोलून दाखवलं आणि सगळे हसले. वजीहचे कान आनंदाने गरम झाले. आपण आता दुसरं काही करणं शक्य नाही, हे त्याला तिथेच कळलं.

म्हणून ती तेवीस किलोंची बॅग! तीत कपडे चारच किलो होते. बाकी सगळा कागद. बसची तिकिटं, हॉटेलांची यादीपत्रकं, औषधांच्या दुकानातल्या चिठ्ठ्या, संग्रहालयांचे नकाशे, वाण्याच्या सवलतींचे रंगीत कागद. भाषा रस्त्यावरच्या वस्तूंनी शिकवावी, असं पेरूजाच्या बाईंनी सांगितलं होतं, आणि वजीहने ते इतकं मनावर घेतलं होतं की एकदा स्टेशनवर लोकांनी टाकलेली तिकिटं गोळा करताना एका पोलिसाने त्याला "तुम्ही कुठे राहता?" असं हळुवारपणे विचारलं होतं.

बुधवारपर्यंत कागद पूर्ण करायचे होते. प्रमाणपत्र, त्याचं भाषांतर, त्यावर सरकारी गरुडाचा शिक्का, आणि प्रकृती ठणठणीत असल्याचा डॉक्टरचा दाखला. गुरुवारी निरीक्षकासमोर नमुना पाठ. तो जमला तर जागा वजीहची, नाही तर जागा दुसऱ्या गावी आणि वजीह जन्मभर सोफ्यांपाशी.

"हे सगळं होईपर्यंत आजारी राहा," आई म्हणाली. "मग हळूहळू बरा हो. एकदम बरा झालास तर मी लोकांना तोंड कसं दाखवू? त्यांनी तुझ्यासाठी कुराणाचं पारायण केलंय रे!"

वजीहने वचन दिलं. वचन देताना माणसाला त्याचा आवाका समजत नाही.

त्याच संध्याकाळी अख्खी इमारत भेटायला आली. भाताने भरलेली कबुतरं आली, कोंबडीचा शोरबा आला, उम्म शौकी नवस बोलली होती म्हणून मोड आलेल्या पावट्याचं पातेलं आलं. सल्ले तर विचारू नका. लुत्फी काका म्हणाले, हसू नकोस, टाक्यांवर ताण येतो. दुसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, डाव्या कुशीवर झोपू नकोस. उम्म शौकी म्हणाली, उजव्या कुशीवर झोपू नकोस. मग दोघींमध्ये मूत्रपिंड नक्की कोणतं काढलं यावर वाद झाला आणि दोघींनी वजीहकडे पाहिलं. वजीहने आईकडे पाहिलं. आई "जरा चहा बघते" म्हणून आत गेली.

शनिवारी सकाळी, प्रमाणपत्र खिशात ठेवून, अर्जासाठी फोटो काढून वजीह परत आला तर पलंगाखाली बॅग रिकामी.

"आई, माझे कागद कुठायत?"

"ते होय? अरे, सगळ्यांवर इटलीचे झेंडे, इटलीची चित्रं! कोणी पलंगाखाली वाकून पाहिलं असतं तर? मी तो कचरा भंगारवाल्याला देऊन टाकला. आत्ताच गेला."

खालच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी ऐकू आली, "रोबाबेक्या!" वजीह चपला न घालता जिना उतरला. तिसऱ्या मजल्यावर लुत्फी काकांनी बाजूला होऊन वाट दिली आणि लगेच हाक मारली, "पोरगा पळाला! भ्रम झालाय, धरा त्याला!" पुढे वजीह, त्याच्यामागे लुत्फी काका, त्यांच्यामागे उम्म शौकी, आणि गाढवाची गाडी दूर मशिदीच्या वळणावर. वजीह तिला नक्की गाठणार होता. पण पाववाल्याला ओरडा ऐकू आला, तो पिठाच्या हातांनी बाहेर आला आणि आजारी माणसाला धरावं तसं त्याने वजीहला अलगद, प्रेमाने, पण अजिबात न सुटेल असं मिठीत धरलं. गाडी वळणाआड गेली. पेरूजातले सहा आठवडे गाढवाने ओढून नेले.

वजीहला चौघांनी उचलून वर आणलं. फिनलंडच्या आजोबांना बोलतं करणाऱ्या, इटालियन भाषेच्या एका पदवीधराला खुर्चीत घालून जिना चढवण्यात आला. या प्रसंगाबद्दल तो पुढे बरीच वर्षं कोणाशी बोलला नाही.

रविवारी, शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपल्यावर, तो शिक्षण खात्याच्या कचेरीत गेला. गरुडाचा शिक्का नादिरा मॅडमच्या टेबलाच्या खणात असायचा, आणि नादिरा मॅडम सहसा उद्या असायच्या. त्या दिवशी मात्र त्या होत्या. त्यांनी प्रमाणपत्र घेतलं, चष्मा चढवला, तारखा वाचल्या, मग वजीहकडे पाहिलं, मग पुन्हा तारखा वाचल्या.

"तू उम्म वजीहचा मुलगा ना? माझी बहीण तुमच्या खाली दुसऱ्या मजल्यावर राहते."

"हो का? वा!" वजीह म्हणाला, कारण ओळख निघाली की काम होतं, हे त्याला माहीत होतं.

"एकोणतीस ऑगस्ट ते सात ऑक्टोबर, पेरूजा, इटली," नादिरा मॅडमनी मोठ्याने वाचलं. "या तारखांना तू कैरोत ऑपरेशनच्या टेबलावर होतास. माझ्या बहिणीने तुझ्या नावाने चार कबुतरं केली. म्हणजे हे प्रमाणपत्र खोटं आहे. खोटा कागद सरकारी कचेरीत देणं हा गुन्हा आहे, बाळा. मी दौलत मॅडमना फोन लावते."

वजीहने खिसा चाचपला. खिशात पासपोर्ट होता. त्यावर विमानतळाचे दोन्ही शिक्के होते. तो टेबलावर ठेवला की प्रश्न मिटला. पण मग दुपारपर्यंत बहिणीला कळणार, संध्याकाळपर्यंत इमारतीला, आणि आई पुन्हा कधी मान वर करून जिना उतरू शकणार नाही. नाही ठेवला तर नोकरी गेली आणि वर फसवणुकीचा डाग. मॅडमनी फोन उचलला. त्यांनी पहिला आकडा फिरवला, दुसरा फिरवला. वजीहने मनातल्या मनात आईची माफी मागितली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला.

नादिरा मॅडमनी तो उघडला. शिक्के पाहिले. फोन हळूच खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"इटलीला न्यावं लागलं?" त्या कुजबुजल्या. "इतकं गंभीर होतं? कैरोच्या डॉक्टरांनी हात टेकले?"

"नाही, मॅडम, मी—"

"आणि तशा अवस्थेत, हाताला सलाईन लावलेलं असताना, तू भाषेचा अभ्यास केलास! परीक्षा दिलीस! आमची मुलं बघा, पडसं झालं तरी पुस्तक उघडत नाहीत."

"मॅडम, मला काहीही झालं नव्हतं. मी खरंच शिकायला गेलो होतो."

"बहीण सांगत होती," नादिरा मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "की तू फार मानी आहेस."

आणि मग जे घडलं ते त्या कचेरीत त्याआधी कधी घडलं नव्हतं. नादिरा मॅडम स्वतः खुर्चीतून उठल्या. भाषांतर तपासणाऱ्याच्या टेबलावर स्वतः गेल्या, सही करणाऱ्याला चहा पिऊ न देता सही करायला लावली, आणि गरुडाचा शिक्का प्रमाणपत्रावर एकदा, भाषांतरावर एकदा आणि नुसत्या मायेपोटी एकदा जादा उठवला. ज्याला अकरा दिवस लागतात ते काम पन्नास मिनिटांत झालं. वजीह रस्त्यावर आला आणि दोन पावलं चक्क नाचला. मग आपल्याला हे गुणांवर नव्हे, दयेवर मिळालंय, हे आठवून तिसरं पाऊल त्याने नीट टाकलं. दया मागितली असती तर गोष्ट वेगळी. फुकट अंगावर आलेली दया फार टोचते.

शिवाय नादिरा मॅडमनी अर्जाच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं, "उमेदवार मोठ्या शस्त्रक्रियेतून बरा होत आहे. सहानुभूतीने विचार व्हावा." ते वजीहला कळलं तेव्हा तो सरकारी डॉक्टरांच्या समोर उभा होता, कारण डॉक्टरांनी ते मोठ्याने वाचलं.

"मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला मी ठणठणीत कसा म्हणू?" डॉक्टर म्हणाले. ते म्हातारे होते, थकलेले होते, आणि बाहेर सत्तर माणसं बसली होती. "सदरा वर कर. कापलंय कुठे?"

"कुठेच नाही, डॉक्टर. ऑपरेशन झालेलंच नाही."

"नोकरी हवी असली की सगळे असंच म्हणतात. झोप तिथे."

त्यांनी पोटावर गार मलम फासलं आणि यंत्र फिरवायला सुरुवात केली. पडद्याकडे बघत ते मोजू लागले. "हे एक मूत्रपिंड. हे... हे दुसरं. पित्ताशय... तेही आहे." त्यांनी यंत्र उलट्या दिशेने फिरवून पुन्हा मोजलं. मग ते स्टुलावर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आई आहे का तुला?"

"आहे."

"शेजारणीची नजर वाईट आहे?"

"आई म्हणते तशी."

डॉक्टरांनी मोठा श्वास सोडला. "मी वैद्यकीय कॉलेजात होतो, तेव्हा माझ्या आईने गल्लीत सांगितलं होतं की मी कैरोत टॅक्सी चालवतो. सात वर्षं! सुट्टीत घरी आलो की लोक मला म्हणायचे, जरा स्टेशनपर्यंत सोड ना. मी सोडायचो. दुसऱ्याची गाडी मागून आणून सोडायचो." त्यांनी अर्जावर ठसठशीत अक्षरात 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं, सही ठोकली आणि म्हणाले, "आईला माझा सलाम सांग. आणि जाताना जरा वाकून जा. बाहेर तुमच्या इमारतीतलं कोणीतरी बसलं असेल."

बसलं होतंच. लुत्फी काका गुडघा दाखवायला आले होते. वजीह वाकून गेला.

गुरुवारी सकाळी त्याने सूट घातला. नादिरा मॅडमच्या बहिणीकडून इटलीतल्या ऑपरेशनची आणि नमुना पाठाची बातमी एव्हाना सगळीकडे झाली होती. कागद पूर्ण होते, पण शिकवायला हातात एक तिकीटसुद्धा नव्हतं. रात्रभर तयार केलेला पाठ डोक्यात होता. जिना उतरला तर दाराशी तीनचाकी उभी. तिच्यावर लग्नात नवरदेवाला बसवतात तसली सोनेरी मुलाम्याची, लाल मखमलीची प्रचंड खुर्ची, आणि खुर्चीशेजारी उम्म शौकी.

"माझ्या भावाच्या कारखान्यातली आहे," ती म्हणाली. "तासभर उभा राहून शिकवणार? एका मूत्रपिंडावर? मी जिवंत असताना?"

"ख़ाला, निरीक्षक येणार आहेत. असं बरं दिसत नाही."

"निरीक्षकाला दोन मूत्रपिंडं आहेत. तो राहील उभा."

आई वरून गॅलरीतून त्याला हातवारे करून विनवत होती, बस, बस, काही बोलू नकोस. सकाळी तिने आणखी एक वचन घेतलं होतं. नोकरी मिळाली तरी उम्म शौकीला मिळाली नाही असंच सांगायचं.

तेव्हा असं झालं, की दुम्यातच्या मुलींच्या शाळेत, चाळीस मुलींसमोर, राजवाड्यातून आणल्यासारख्या खुर्चीशेजारी वजीह उभा, आणि इटालियनचे निरीक्षक मागच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले. दौलत मॅडम दारात. त्यांचा चेहरा लाल की पांढरा हे ठरत नव्हतं. वजीहचा पाठ डोक्यातून साफ उडाला.

त्याने खुर्चीच्या सोनेरी हातावर हात ठेवला, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. आणि त्याला सुचलं.

"याला आपण काय म्हणतो?"

"मोबीलिया!" सुतारांच्या मुली एका सुरात ओरडल्या.

"फर्निचरचा तो शब्द इटालियन आहे. दाराशी भंगारवाला काय ओरडतो?"

"रोबाबेक्या!"

"तोही इटालियन. जुनं सामान. माझं पाच दिवसांपूर्वी गेलं, म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. म्हणजे तुम्ही इटालियन जन्मापासून बोलताय, फक्त तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

वर्गात हशा पिकला. निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. आणि तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी उभी राहिली. "सर, तुमचं एक मूत्रपिंड इटलीत ठेवून घेतलं, हे खरंय?"

दौलत मॅडमनी कपाळावर हात मारला. वजीहने क्षणभर डोळे मिटले. मग त्याने खडू उचलला.

"इटालियनमध्ये विचारलंस तर उत्तर देईन."

त्याने फळ्यावर प्रश्न लिहिला. मुलीने वाचला. बाकीच्यांनी वाचला. मग एकीला पोट कसं विचारायचं ते हवं होतं, एकीला डोकं, एकीला "तुम्हाला दुखतं का?" दहा मिनिटांत चाळीस मुली वजीहच्या अंगातल्या एकेका अवयवाची इटालियनमध्ये चौकशी करत होत्या, एकमेकींच्या चुका सुधारत होत्या, बाकांवरून पुढे झुकत होत्या. वजीहचे कान गरम झाले. तो खुर्चीत बसला नाही, उभाही राहिला नाही, तो अख्ख्या वर्गात फिरत होता.

"आता उत्तर द्या, सर!"

आणि वजीहने उत्तर दिलं. इटालियनमध्ये, सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी आजारी नव्हतो. माझी दोन्ही मूत्रपिंडं शाबूत आहेत. आईने शेजारणीच्या नजरेच्या भीतीने मला इस्पितळात घातलं, आणि गेले सहा दिवस मी लोकांची कबुतरं खातोय. सहा दिवसांत पहिल्यांदा तो खरं बोलत होता आणि त्याला इतकं मोकळं वाटलं की शेवटी त्याचा आवाज जरा कापलाच. चाळीस मुलींना त्यातलं अवाक्षरही कळलं नाही. मागच्या बाकावर मात्र निरीक्षकांनी तोंडावर रुमाल दाबला, मग वही दाबली, आणि शेवटी बाकाखाली काहीतरी पडल्याचा बहाणा करून ते खाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"काय म्हणालात, सर? सांगा ना!"

"ते कळायला जूनपर्यंत शिकावं लागेल," वजीह म्हणाला.

"आम्ही रोज येऊ!" चष्मेवाली ओरडली, आणि वर्गाने बाकं बडवायला सुरुवात केली.

निरीक्षकांनी डोळे पुसत दौलत मॅडमना एवढंच सांगितलं, "रविवारपासून घ्या याला. आणि ती खुर्ची इथेच ठेवा." दौलत मॅडमनी वजीहचा हात धरून इतक्या जोराने हलवला की खरोखरच टाके असते तर उसवले असते.

तो धावत फाटकाबाहेर आला. उन्हात, भिंतीला टेकून, उम्म शौकी उभी होती. दोन तास ती तिथून हलली नव्हती. चेहरा घामाने डबडबला होता.

"काय झालं?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःच म्हणाली, "नाही ना झालं? जाऊ दे. प्रकृती महत्त्वाची."

वजीहला आईचं वचन आठवलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण या बाईने त्याची बॅग डोक्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत नेली होती, आणि त्या क्षणी तिच्याशी खोटं बोलायची त्याला शरम वाटली.

"ख़ाला, झालं. नोकरी मिळाली. आणि मी आजारी नव्हतो. मी इटलीला शिकायला गेलो होतो."

उम्म शौकीने ओढणीच्या टोकाने मान पुसली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर आणि आई इथे गॅलरीत बसून भाजी निवडतेय? मी काय वेडी आहे?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? मला कळलंय असं समजलं असतं तर तुझ्या आईला तू येईपर्यंत झोप लागली नसती. म्हणून मीच सगळ्यांच्या पुढे होऊन रडले. बाकीच्यांनी पण मग खरं मानलं." ती रस्त्याकडे बघत होती. "तीस वर्षं त्या इमारतीत राहतेय मी. मुली दिल्या, मुलं पास झाली, लोक हजला जाऊन आले. मला प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या नंतर कळते. लोक घाबरतात, मला कळत नाही का? घरी येऊन, तोंडाने, कोणी चांगली बातमी सांगितलेली नाही रे मला. आज पहिल्यांदा."

वजीह काहीतरी बोलायला गेला.

उम्म शौकीने एकदम दोन्ही तळव्यांनी आपले डोळे झाकून घेतले. "थांब. आता सांग पुन्हा. मी बघत नाही तुझ्याकडे. तुझं काही वाईट व्हायला नको."

वजीह पुढे गेला. त्याने तिचे दोन्ही हात धरले, डोळ्यांवरून खाली घेतले आणि आपल्या हातात तसेच ठेवले.

"माझ्याकडे बघून ऐका, ख़ाला," तो म्हणाला. "मी मास्तर झालो."

उम्म शौकीने त्याच्याकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं, आणि मग मान मागे टाकून, जीभ हलवत, लग्नाच्या मांडवात करतात तसला लांबच लांब आनंदाचा गजर केला. शाळेच्या खिडक्यांतून चाळीस मुलींनी तिला साथ दिली.